रखुमाईच्या माहेरी सोडलेलं दूध

तीर्थाला गेलं की काहीतरी सोडून यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. नदीत उभं राहायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, एखाद्या खाण्याच्या जिनसेचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडून द्यायचं. मग ती जिन्नस वर्षभर तोंडात घालायची नाही. लोक मोठे हुशार. ज्याला गोड आवडत नाही तो गूळ सोडी, ज्याला दात नाहीत तो सुपारी सोडी. आमचे बाबा दर वर्षी कारलं सोडत. अमरावतीच्या वेशीबाहेर आमची भाजीपाल्याची वाडी होती, विहीर होती, मोट होती, आणि कारल्याच्या वेलांनी सगळं कुंपण झाकलेलं होतं. पण बाबांनी आयुष्यात कारल्याची फोड चाखली नव्हती. देवाला फसवण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नसेल.

आमची माय मात्र तसली नव्हती. तिला खोटं जमत नसे. बाजारात वांग्यांची पाटी मांडली की किडकं वांगं ती स्वतःच उचलून बाजूला ठेवी आणि गिऱ्हाइकाला दाखवी. अशा बाईच्या हाती ओंजळभर पाणी आलं तर काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि मी विशीत होतो. सकाळ-संध्याकाळ तालमीत जायचो, मधल्या वेळात मोट हाकायचो, आणि उरल्या वेळात आपल्या दंडाकडे बघत बसायचो. देखणा नव्हतो, पण अंगानं भरलेला होतो आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. घरी दुभती म्हैस होती. पहाटेची धार मी उभ्या उभ्या पीत असे, जेवताना दही, वर तुपाची वाटी, रात्री पुन्हा दूध. म्हैस माझी आणि मी म्हशीचा, असं बाबा म्हणत. मायला माझी कुस्ती मनातून आवडत नव्हती. तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या मामाचा हात तरुणपणी कुस्त्यांच्या एका दंगलीत पिरगळला, तो पुन्हा कोपरात वाकलाच नाही. मामा डाव्या हातानं जेवे. मी लंगोट घेऊन निघालो की माय एकदा मामाच्या त्या हाताचं नाव काढी. मीही ऐकल्या न ऐकल्यासारखं करून निघून जाई.

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा भरते. वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीच्या माहेरी. आम्ही दर वर्षी बंडी जुंपून जात असू. देवदर्शन मायचं, बाजार बाबांचा, आणि वाळवंटातली कुस्त्यांची दंगल माझी. त्या वर्षी माझी जोड अकोल्याच्या एका पहिलवानाशी लागली. उंच, काळाभोर, हसरा गडी. त्यानं सलामी दिली आणि पुढच्याच क्षणी माझा पाय धरला. मी काय केलं? कच्च्या पहिलवानाला जे येतं तेच. पालथा पडलो. पोट मातीला लावून, हात छातीखाली दाबून, तोंड मातीत खुपसून पडून राहिलो. पालथ्याला उलथवल्याशिवाय चीत करता येत नाही, एवढं एकच शास्त्र मला पक्कं पाठ होतं. लोक हसू लागले.

"उठ बे! झोपला का?"

"अरे, पांघरून आना रे याच्यासाठी!"

अकोलेवाल्यानं शेवटी कंटाळून मला पोळीसारखा उलटवला. आभाळ दिसलं आणि त्याच्याभोवती हसणारी तोंडं दिसली. त्या दिवशी मला मरणाची लाज वाटली. जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायच्या आधी आम्ही नदीवर अंघोळीला गेलो. बाबांनी सालाबादप्रमाणे कारलं सोडलं. मायनं ओंजळ भरली, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "माय रखुमाई, माह्या पोराच्या नावानं दूध सोडलं. दूध, दही, ताक, लोणी, तूप, सबन दुभतं. पुढच्या जत्रेपावतर." पुढचं मागणं ओठांतल्या ओठांत झालं आणि पाणी नदीत पडलं.

मी कमरेइतक्या पाण्यात तसाच उभा.

"वं माय! काय केलं हे तू?"

"तुह्या कुस्तीसाठीच केलं."

"कुस्तीसाठी दूध कोनी सोडते का? डोकं फिरलं का तुह्यं?"

"देवापाशी आवडती वस्तू सोडा लागते. तुले दुसरं आवडतेच काय?"

"अन् मागतलं काय तू?"

"मागनं सांगत नसतात. पुरं झालं का सांगीन."

आता मागितलं काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पोरगा पडला, लोक हसले, आईनं देवीला जिंकणं मागितलं. फक्त जिंकण्यासाठी जे लागतं तेच तिनं देऊन टाकलं होतं. बैल विकून नांगर घ्यावा तसा प्रकार. मी वाटभर बंडीत तोंड फिरवून बसलो. बाबा मात्र खूश होते. घरी आता एका अख्ख्या म्हशीचं दूध प्यायला तेच उरले होते.

मोडता आलं असतं का? आलं असतं. तालमीत लोटाभर दूध घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आईनं आपल्या नावानं सोडलेलं मोडायचं, ही गोष्ट मनाला शिवलीसुद्धा नाही. चिडणं वेगळं, मोडणं वेगळं.

खरी पंचाईत उस्तादांपुढे झाली. आमचे उस्ताद बाळापूरचे, घरी उर्दू बोलणारे, तालमीत आमच्यासारखंच बोलणारे. वय झालं होतं, पण मान अजून बैलासारखी. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला मुद्गल खाली ठेवला.

"दूध नाई?"

"नाई उस्ताद."

"घी?"

"नाई."

"गोश्त-अंडा तर तू तसाई खात नाई."

"घरात माळकरी हाये सबन."

"मंग तू पहिलवानी करून राहिला का उपास करून राहिला?" असं म्हणून ते उठून फेऱ्या घालू लागले. बऱ्याच वेळानं थांबले. "मां की मन्नत हाये. तोडली तर माह्या आखाड्यात पाय ठेवू नको. पन ऐकून ठेव. नागपंचमीले मी तुले पायतो. अंगात दम राहिला तर जत्रेत तुही जोड अकोलेवाल्याशीच लावीन. नाई राहिला तर लंगोट खुंटीले टांग अन् भाजी विक."

म्हणजे आता माझं सगळं नागपंचमीवर आलं. जत्रेत पुन्हा उभं राहायचं आणि त्या हसणाऱ्या तोंडांसमोर त्याच गड्याला पाडायचं, यापलीकडे मला त्या वर्षी जगात काही नको होतं. आणि त्यासाठी लागणारं दूध गोठ्यातून रोज माझ्या डोळ्यांसमोरून बाबांच्या पेल्यात जात होतं.

पहिला महिना वाईट गेला. बैठका मारताना मांड्या थरथरत. मोटेवर उभा राहिलो की डोळ्यांपुढे काजवे चमकत. जेवायला बसलो की तुपाशिवायचं वरण घशाखाली उतरेना, आणि कढी-गोळ्यांच्या दिवशी तर मी रागानं वाडीत निघून जायचो. तालमीतला माझा जोडीदार, गवळ्याचा पोर, मुद्दाम मिशीला साय लावून यायचा. एकदा मी त्याला त्यावरून खरंच एक ठेवून दिली. चेहरा उतरला, बरगड्या दिसू लागल्या. माय जेवताना माझ्याकडे बघे आणि मान खाली घाली.

मग एके पहाटे मला पाट्यावर वरवंटा फिरण्याचा आवाज आला. उठून बघतो तर माय रात्री भिजवलेले शेंगदाणे वाटत बसलेली. लोण्यासारखं मऊ वाटण. त्यात पाणी घालून तिनं ते धडप्यातून गाळलं, गूळ घातला आणि लोटा माझ्यापुढे धरला. दिसायला थेट दूध.

"हे काय?"

"पेऊन पाय."

प्यालो. कच्च्या शेंगांचा वास आला आणि मी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगदाणे जरासे भाजून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यात तीळ आले. पुढे पुढे मीच पाट्याचा आवाज ऐकून जागा होऊ लागलो.

एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. मोड आलेले हरभरे आणि गूळ तालमीतून आल्यावर. जवस भाजून त्याचे लाडू. तुरीचं वरण इतकं घट्ट की त्यात चमचा उभा राहावा, आणि त्यावर तुपाऐवजी घाण्याचं ताजं तेल. भिजवलेली डाळ भरडून वाफवलेले फुणके, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. उन्हाळ्यात आंबील केली तर ताकाऐवजी चिंचेचं पाणी. वाडीत जे पिके त्यातलं चांगलं आधी माझ्या ताटात पडे, उरलेलं बाजारात जाई. आधी किडकी वांगी बाजूला काढणारी बाई आता सरस वांगी बाजूला काढू लागली. बाबा म्हणत, "पोरगं खाऊन राहिलं का वाडी खाऊन राहिलं?" तेही तोवर दूध पिऊन पिऊन गोल झाले होते आणि मोटेच्या धावेवर धापा टाकत होते. घरात पहिलवान कोण, असा पाहुण्याला प्रश्न पडावा.

होळी झाली आणि एक दिवस बैठका मारता मारता माझ्या लक्षात आलं की मी थकलोच नाही. अंग हलकं झालं होतं. पूर्वी दोन पेले दूध रिचवून आखाड्यात उतरलो की पोटात डबडब होई, ती गेली होती. मी एकटाच हसू लागलो. गवळ्याच्या पोराला वाटलं, उपासानं याचं डोकं गेलं.

एकच अडचण राहिली होती, ती म्हणजे माती. आखाड्याची माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, हळद, लिंबाचा रस मुरवतात, आणि घागरी घागरी ताक ओततात. ती मऊ राहते आणि अंगाला बाधत नाही. मी पालथा पडलो की तोंडात माती जायची. म्हणजे ताक जायचं. जोडीदारानंच ही शंका काढली.

"लेका, तू पडला का व्रत मोडते तुह्यं!"

सगळे हसले. मी मात्र घाबरलो आणि उस्तादांकडे गेलो. ते हसले नाहीत. दाढी कुरवाळत माझ्याकडे बघू लागले. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लबाड चमकलं.

"बराबर हाये. तोंडात माती गेली का मन्नत गेली. आजपासून पालथं पडनं बंद."

"मंग त्यानं पाय धरला तर काय करू?"

"उभा राय!"

झालं. त्या दिवसापासून उस्ताद चार चार गडी माझ्या पायांवर सोडत आणि मी उभा राहायला शिकत होतो. माझं एकुलतं एक शास्त्र त्यांनी काढून घेतलं. पाय सोडवून घेणं, मान दाबणं, हात काखेत अडकवून ढाक मारणं, हे सगळं मला त्या ताकाच्या भीतीनं आलं. रोज तोंड घट्ट मिटून लढत होतो, त्यामुळे बडबडही कमी झाली, असं घरचे म्हणत.

नागपंचमीला साऱ्या गावानं नागोबाला दूध वाहिलं. मी मनात म्हटलं, नागालाही दूध आहे, मलाच नाही. त्या दुपारी उस्तादांनी मला तालमीतल्या तिघांशी लागोपाठ लढवलं. तिसरा पडला तेव्हा मी अजून उभाच होतो. उस्तादांनी माझी मान, खांदे, मांड्या दाबून पाहिल्या. म्हैस विकत घेणारा जसा पाहतो तसं.

"हे अंग कायनं बनलं बे?"

"मायच्या पाट्यानं, उस्ताद."

"तिले माहा सलाम सांग," ते म्हणाले आणि जोड पक्की करायला मला घेऊन आगगाडीनं अकोल्याला निघाले.

अकोल्याच्या तालमीत आमचं स्वागत दुधानंच झालं. त्या हसऱ्या गड्यानं स्वतः पितळी लोटा भरून पुढे केला. पाहुण्यानं दूध नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. मी हात जोडले आणि मन्नत सांगितली. तालमीत हशा पिकला. कुणी म्हणालं, "बाप्पा! हा तर पान्यावर वाढलेला पहिलवान!" तो गडी मात्र हसता हसता विचारू लागला, "मंग खातं काय तू?" मी फडकं सोडलं. भाकरी, मोडाचे हरभरे आणि मायनं दिलेली जवसाची चटणी. त्यानं बोटभर चटणी चाखली, मग भाकरीच मागितली, मग माझी सगळी शिदोरी संपवली. मला परत येईपर्यंत उपाशी राहावं लागलं, पण रागावताही येईना. इतका मोकळा माणूस होता.

कार्तिक आला. बंडी जुंपली. माय गप्प गप्प होती. मला वाटलं, मागणं फळतं की नाही याची काळजी असेल. दंगलीच्या वेळी ती दर वर्षीसारखीच बैलांपाशी थांबली, आखाड्याकडे पाठ करून, पदर डोक्यावरून पुढे ओढून. मी पाया पडलो तेव्हा तिनं माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत एकदा चाचपला.

आखाड्यात शिरलो तर एक माणूस मातीवर ताकाची घागर रिती करत होता. आंबूस वास नाकात गेला आणि मी ओठ गच्च मिटले. लोकांनी मला ओळखलं.

"आला रे आला, झोपनारा आला!"

सलामी झाली. अकोलेवाल्यानं मागच्यासारखाच पायांवर झेप घेतली. पाय त्याच्या हातात गेलाही. अंगाला जुनी सवय आठवली, पोट मातीकडे ओढू लागलं, माती वर येताना दिसली. आणि ताकाचा तो वास! आता पडलो तर आईचं वर्ष जाणार होतं, पाटा जाणार होता, सगळंच जाणार होतं. मी कंबर मागे फेकली, त्याची मान खाली दाबली आणि पाय सोडवला. तो चकित होऊन वर आला. पुन्हा झेपावला, पुन्हा मी उभा. असं बराच वेळ चाललं. तो धापा टाकू लागला. त्याच्या पोटातलं दूध मला जणू ऐकू येत होतं. चौथ्यांदा की पाचव्यांदा तो आला तेव्हा त्याचा हात माझ्या काखेत आला. मी तो दाबून धरला, पायात पाय घातला आणि अंगातलं होतं नव्हतं ते लावून ढाक मारली. धप्पकन आवाज झाला. त्याची पाठ मातीला आणि तोंड आभाळाला.

सगळं वाळवंट ओरडत होतं. तो उठला, अंगावरची माती झटकली आणि त्यानंच मला खांद्यावर घेतलं. "तुह्या मायले विचार," तो माझ्या कानाशी म्हणाला, "थे जवसाची चटनी कशी करते?"

इनामाचा फेटा आणि नारळ घेऊन मी धावत बंडीपाशी आलो. माय पाठमोरीच होती. मी फेटा तिच्या मांडीवर टाकला.

"जितलो वं माय! फळलं तुह्यं मागनं! आता तर सांगशीन?"

तिनं आधी फेट्याकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही हात धरले, वाकवून पाहिले, बोटं मोजल्यासारखी चाचपली. मग म्हणाली, "नाई फळलं."

"म्हंजे?"

"म्या जितनं नोतं मागतलं रे. तुह्या डोक्यातलं कुस्तीचं येड जाऊ दे, असं मागतलं होतं. मले वाटलं, दूध तुटलं का अंग तुटीन, अन् पोट्टा आपल्या पायानं घरी येईन. मामासारखा होऊन येन्यापरीस बरा."

वर्षभर मी ज्या देवीला जिंकणं मागत होतो, तिला माझी आई उलटंच मागून बसली होती.

"मंग शेंगदाने काहून वाटले? ते लाडू, ते फुनके? नसते देल्ले तर मी पहिल्याच महिन्यात घरी बसलो असतो."

"मले काय मालूम नाई?" माय एकदम चिडून म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पन तू वाळून चालला होता. बरगड्या दिसत होत्या तुह्या. रोज वाटे, आज नाई वाटत. अन् रोज हात पाट्यावर जायेच."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी दोन्ही केलं. मला पहिलवान कुणी केलं, म्हशीनं नाही, उस्तादांनीही अर्धंच, हे मला तेव्हा कळलं. मला कुस्तीतून सोडवायला निघालेल्या बाईनंच ते केलं होतं. बाबा बाजूला उभे राहून नाक पुसत होते आणि सर्दी झाली म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी नदीवर व्रत सुटलं. मायनं गावातून निरसं दूध आणून तापवलं आणि लोटा माझ्या ओठांना लावला. वर्षानंतरचं पहिलं दूध. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. गोठ्याचा वास येत होता. मी लोटा बाबांकडे दिला. त्यांनी तो सवयीनं रिकामा केला आणि पाण्यात उतरून कारलं सोडलं. मग मायनं ओंजळ भरली, तसं मी तिचं मनगट पकडलं.

"थांब! आधी मले विचार."

ती हसली. पाणी कशाचंही नाव न घेता तिनं नदीत सोडून दिलं.

दूध मी पुढे कधी घेतलंच नाही. पाटा मात्र चालूच राहिला. पुढच्या वर्षीच्या जत्रेत मायनं बाबांशी भांडून बंडी अशा उंचवट्यावर उभी करायला लावली, की बसल्या जागेवरून आखाडा दिसावा. माझ्या कुस्तीच्या वेळी समोरच्यानं पाय धरला, तेव्हा साऱ्या गोंगाटावरून मला एकच आवाज ऐकू आला. माय बंडीवर उभी राहून ओरडत होती, "उभा राय रे! उभा राय!"